एक वाजताचं प्रात्यक्षिक

सोरीनेने कयाक, ती एकट्या माणसाची अरुंद होडी, पाण्यात लोटली, तिच्यासोबत स्वतःही गुडघाभर पाण्यात गेली आणि लेकीच्या कानाशी वाकून म्हणाली,

"तीनदा उलटी हो, तीनदा सुलटी हो, हसून हात हलव आणि परत ये. डोकं चालवू नकोस."

"हसायचं पण?"

"हसायचं पण. रडक्या तोंडाला जहाजावर कोण ठेवून घेतं?"

आलेका हसली नाही. तिने कमरेभोवतीचं कातडं कयाकच्या तोंडावर ओढून घट्ट बसवलं. पुढे दोरीचा भाला बांधलेला होता, मागे सीलच्या कातड्याचा फुगा. फुगा टम्म फुगवलेला पाहून सोरीने थबकली.

"हा कशाला फुगवलायस? हा असताना उलटी कशी होणार?"

"फोटोत बरा दिसतो," आलेका म्हणाली आणि वल्हं मारून पुढे गेली.

किनाऱ्यावर लाल जाकिटातली साठ-सत्तर माणसं दगडांवर जागा धरून उभी होती. इकेराकच्या या वस्तीत माणसं एकसष्ट आणि जहाजावर एकशे ऐंशी, त्यामुळे जहाज खाडीत नांगरलं की चार-पाच तास वस्ती आपली उरत नसे. चार रबरी बोटी माणसं आणून ओतत. मग ती गटागटाने चर्चमध्ये जात, जुन्या पाद्र्याच्या घरातलं दोन खोल्यांचं संग्रहालय बघत, कुत्र्यांना लांबूनच 'गोड' म्हणत, आणि दोरीवर वाळत घातलेल्या लोकरी चड्ड्यांचेसुद्धा फोटो काढत. त्यांना रांगेने फिरवायचं काम सोरीनेचं होतं. त्यासाठी तिला कंपनीचं केशरी जाकीट मिळालं होतं आणि ते ती जहाज नसलं तरी घालत असे, कारण ते खरोखरच ऊबदार होतं.

कार्यक्रमाच्या कागदावर शेवटची ओळ होती, 'एक वाजता: कयाकचं प्रात्यक्षिक.' ती ओळ सोरीनेने मागे लागून घालून घेतली होती. जहाजाच्या किनाऱ्यावरच्या फेऱ्यांचा प्रमुख फाबियान नावाचा, वस्तीची भाषा शिकलेला पस्तिशीचा स्विस माणूस होता. आज आलेकाचं काम पसंत पडलं तर पुढच्या उन्हाळ्यापासून तिला जहाजावर घ्यायचं, असं त्याने कबूल केलं होतं. पत्र तयार होतं, फक्त सही राहिली होती. या पत्रासाठी सोरीनेने दोन हिवाळे घालवले होते.

कारण पोरीने भलतंच खूळ घेतलं होतं. सव्वीस वर्षांची ही मुलगी दोन वर्षांपूर्वी शिकारीचा परवाना घेऊन आली. वस्तीतल्या पुरुषांनी तोंडावर अभिनंदन केलं आणि पाठ फिरल्यावर हसून घेतलं. ती सील मारायची, जाळी टाकायची, कुत्री सांभाळायची, पण इथे तेवढ्याने कुणी शिकारी होत नाही. लांब सुळ्याचा नारव्हाल, तो देवमासा, ज्याने आपल्या हाताने भाला मारून धरला तोच शिकारी. बाकीचे नुसते सीलवाले. आलेका अजून सीलवालीच होती. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, हे सोरीनेने तिला इतक्यांदा ऐकवलं होतं की आई वाक्य सुरू करताच आलेका ओठ हलवून ते पुरं करी.

आता ती किनाऱ्यापासून पन्नास वाव पुढे गेली होती आणि उलटी होण्याचं नाव घेत नव्हती.

"ती इतकी लांब का जातेय?" फाबियानने विचारलं. "लोकांना दिसलं पाहिजे."

"येईल. लाजते आहे," सोरीने म्हणाली. लाजणं आलेकाला जन्मात जमलं नव्हतं.

तेवढ्यात तिची नजर टेकडीकडे गेली. तिथे तिचा थोरला भाऊ ओडाक दुर्बीण घेऊन बसलेला असे. गुडघे गेल्यापासून तो समुद्रावर जात नव्हता, पण खाडीत काय चाललंय ते त्याच्याइतकं कुणाला कळत नसे. ओडाक उभा होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली, छातीशी धरली आणि हळूच खाली बसला.

वस्तीत याचा अर्थ एकच होता. या उन्हाळ्यात नारव्हाल पहिल्यांदाच दिसत होता.

कुणी ओरडलं नाही. दारं एकामागून एक आवाज न करता लागली. दुकानातला रेडिओ बंद झाला. बायकांनी पोरांना दंडाला धरून आत नेलं. एकाने कुत्र्यांपुढे वाळलेल्या माशांची अख्खी पेटी उपडी केली, म्हणजे त्यांची तोंडं कामात राहतील. दोन पुरुष आपापल्या कयाकींपर्यंत धावले आणि तिथेच थांबले. नारव्हाल आत शिरल्यावर पाण्यात जो असेल त्याचीच पाळी. नवीन कुणी पाण्यात उतरायचं नाही. आणि पाण्यात होती एकटी आलेका.

खाडीच्या तोंडाशी काळ्या पाठी वर आल्या. एक, मग तीन, मग मोजता येईनात. त्यांच्या श्वासाचा आवाज पाण्यावरून सरळ किनाऱ्यापर्यंत आला.

"नारव्हाल!" फाबियानचा आवाजच बसला. "आठ वर्षं मी लोकांना सांगतोय, कदाचित दिसतील, कदाचित दिसतील. आठ वर्षं, सोरीने." त्याने वॉकीटॉकी तोंडाशी नेला. "चारी बोटी तयार करा. सगळ्यांना घेऊन जाऊ."

"बोटी नाही," सोरीने म्हणाली.

"लांबून बघू. मोटार अगदी हळू ठेवू."

"हळू नाही आणि जोरात नाही. मासा आत असताना इथे मोटार लागत नाही. जहाज सकाळपासून घुरघुरतंय, ते त्यांनी ऐकून सोडून दिलंय. नवा आवाज झाला की ते गेले. वर्षभरासाठी गेले."

"तो नियम शिकारीसाठी आहे. आपण फक्त बघणार."

"तू बघणार," सोरीने म्हणाली. "ती नाही."

फाबियानने वळून पाण्याकडे पाहिलं. आलेका आता पाठमोरी होती आणि वल्हं थेंबाचाही आवाज न करता चालवत होती. तिने भाल्याचं बंधन सोडलं होतं. हळूहळू त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"सत्तर पाहुण्यांच्या समोर? सोरीने, यातले अर्धे लोक मांससुद्धा खात नाहीत. हे झालं तर कंपनी इकेराक यादीतून काढून टाकेल. आणि तिचं पत्र..." तो थांबला. तो वाईट माणूस नव्हता. "तिचं पत्र मी सही करून आणलंय. खिशात आहे. शेवटी तिच्या हातात द्यायचं होतं."

सोरीनेला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त आलेकाचा. फुगा फुगवून गेली होती कार्टी, म्हणजे मासा धरायचं ठरवूनच! मामाने सकाळीच तिला काहीतरी सांगितलं असणार, आणि आई बसली होती पाहुण्यांसाठी केक कापत. एक आवाज केला असता, नुसती हाक मारली असती, तरी सगळं जागच्या जागी आलं असतं. मासे गेले असते, आलेका परत आली असती, तीनदा उलटी तीनदा सुलटी झाली असती, आणि ते पत्र घरात कपाटावर उभं राहिलं असतं. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या अंगावरही केशरी जाकीट आलं असतं. हाक सोरीनेच्या घशापर्यंत आली होती.

खाली धक्क्याशी एका चालकाने बोट दगडापासून सोडवली.

सोरीने खाली उतरली. धावली नाही, कारण दगडांवर बूट वाजतात. तीन बोटी रिकाम्या होत्या आणि त्यांच्या मोटारींना लाल पिळाची दोरी लोंबत होती. ती दोरी नसेल तर मोटार सुरूच होत नाही, हे वस्तीतल्या पोरालाही ठाऊक असतं. तिने एक काढली, दुसरी काढली, तिसरी काढली आणि खिशात टाकली. चौथीचा चालक बोटीत बसला होता. दोरी त्याच्या मनगटात होती आणि हात मोटारीवर. सोरीने मांडीपर्यंत पाण्यात शिरली आणि त्याचं मनगट धरलं.

"बाई, मला वरून हुकूम आहे," तो हळू आवाजात म्हणाला.

"असेल. मीही वरूनच आलेय."

तिने दोरी त्याच्या मनगटातून ओढून काढली. त्याने हात सोडवून घेतला नाही. पुढे कित्येक दिवस तो जहाजावर सांगत होता म्हणे की त्या बाईचे हात बर्फासारखे गार होते आणि आपल्याला आपली आजी आठवली.

फाबियान तिच्या मागोमाग खाली आला होता.

"दोऱ्या द्या, सोरीने."

"मासे गेल्यावर."

"मग ते पत्र मी देऊ शकणार नाही. समजतंय ना तुम्हाला?"

"तुझं बोलणं मला चांगलं समजतं," सोरीने म्हणाली. "नको देऊस. आणि ते खिशातलं यंत्र बंद कर, करकरतंय."

ती परत वर आली आणि लाल जाकिटांपुढे उभी राहिली. पाहुण्यांसाठी शिकलेलं तिचं इंग्रजी चर्च, केक आणि संडास कुठे आहे एवढ्यापुरतं होतं. तिने दोन्ही तळवे जमिनीकडे दाबले आणि म्हणाली, "बसा. बोलू नका. फोन नको. माझी मुलगी काम करतेय."

एक पांढऱ्या केसांची बाई आधी बसली आणि तिने नवऱ्याला जाकीट ओढून खाली बसवलं. मग एकेक करून सगळे बसले. एकजण काहीतरी विचारायला लागला तेव्हा त्या पांढऱ्या केसांच्या बाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तोंड मिटलं. शेवटी फाबियानही बसला. त्याचा वॉकीटॉकी बंद होता.

पाऊण तास गेला. सोरीने उभीच होती. मांडीपर्यंत ओली झालेली विजार तिच्या पायांना चिकटली होती आणि तिला थंडी वाजत होती, पण पाय आपटायची सोय नव्हती. लांब पाण्यावर आलेका वल्हं आडवं धरून नुसती तरंगत होती. मासे तिच्या डावीकडून जात, बुडत, उजवीकडे वर येत. दोनदा ते तिच्या टप्प्यात आले आणि दोनदा ती हलली नाही. किनाऱ्यावरच्या दोन पुरुषांपैकी एकाने मान हलवली. सोरीनेने ते पाहिलं आणि मनातल्या मनात त्याला शिवी घातली. पिल्लं होती ती, आंधळ्या.

तिसऱ्यांदा एक मोठी काळी पाठ कयाकच्या पुढेच वर आली. आलेकाने वल्ह्याचे चार हात मारले, पाठीमागून, डाव्या अंगाने, अगदी तिच्या वारलेल्या बापासारखे. तिचा हात मागे गेला आणि पुढे आला. मग तिने कमरेतून वळून मागचा, भाल्याच्या दोरीला बांधलेला फुगा पाण्यात फेकला. दोरी सर्रकन गेली. फुगा दिसेनासा झाला.

पाण्यावर काहीच नव्हतं, फक्त कयाक आणि तिच्यात बसलेली तिची लेक. मग चांगलंच लांब तो फुगा भसकन वर आला आणि तिथेच हिसके देत राहिला.

टेकडीवर ओडाकने टोपी डोक्यावर घातली. दोन्ही पुरुष बंदुका घेऊन कयाकीतून सुटले. वस्तीची दारं उघडली, पोरं सुटली, कुत्र्यांनी गळे काढले. बंदुकीचा आवाज झाला तेव्हा पाहुण्यांपैकी काहींनी तोंड फिरवलं, एक तरुण मुलगी रडायला लागली, आणि मागच्या रांगेत कुणीतरी टाळ्या वाजवल्या, पण साथ न मिळाल्याने थांबला.

"हे रोज एक वाजता असतं का?" एका गृहस्थाने सोरीनेला अदबीने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "कागदात चुकून छापलंय."

मासा तिघांनी मिळून ओढत आणला. तोवर अख्खी वस्ती पाण्याकाठी जमली होती, पण माशाला कुणी हात लावला नाही. शिकाऱ्याच्या घरची बाई सुरी घेऊन पाण्यात उतरते, शिकाऱ्याला विचारते, आणि तो दाखवेल तिथे पहिला घाव घालते. मग बाकीच्यांचे हात. हे इतकं ठरलेलं होतं की आजवर कुणाला कधी थांबावं लागलं नव्हतं. आज सगळे थांबले. आलेका कयाकमधून उतरून माशाच्या डोक्याशी उभी राहिली. तिचे ओठ निळे पडले होते.

ओडाक काठी टेकत खाली आला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"शिकाऱ्याच्या घरची कुठाय?"

"अजून बायको नाही केली तिने," मान हलवणारा पुरुष म्हणाला आणि दोघंतिघं हसले.

सोरीनेने केशरी जाकिटाची चेन ओढली. आत तिचा जुनाच स्वेटर होता, कोपराला रफू केलेला. जाकीट तिने घडी घालून फाबियानच्या हातात दिलं.

"चार दोऱ्या उजव्या खिशात आहेत," ती म्हणाली. "मोजून घे."

तो काहीतरी बोलणार होता, पण ती निघून गेली होती. तिने ओडाकच्या कमरेची सुरी न विचारता काढून घेतली, अस्तन्या वर सारल्या आणि पाण्यात शिरली. लोक बाजूला झाले. हसणारा हसायचा थांबला.

माशाच्या पलीकडे तिची लेक उभी होती. लहानपणापासून सोरीनेने तिला जेव, ऊठ, हे घाल, तिकडे जाऊ नकोस, एवढंच सांगितलं होतं. ती काय म्हणेल याची वाट पाहायची वेळ कधी आली नव्हती.

सोरीनेने सुरी दोन्ही हातांत आडवी धरली, जशी तिने आलेकाच्या बापापुढे धरली असती.

"कुठून सुरुवात करू?" तिने विचारलं.

आलेकाने आईकडे पाहिलं, मग माशाकडे. पाणी दोघींच्या मांड्यांपर्यंत आलं होतं आणि गार होतं. सोरीने सुरी धरून थांबली.