निळ्या पट्टीबाहेरचा चेहरा

नातीच्या पत्राला आजोबांनी उत्तर दिलं नव्हतं.

पत्र तरी केवढं! शाळेत बाईंनी सांगितलं होतं, कुणाला तरी खरंखुरं पत्र लिहा आणि पेटीत टाका. वर्गातल्या बाकीच्या मुलांनी 'मी मजेत आहे, तुम्ही कसे आहात' एवढं लिहून काम उरकलं असणार. नऊ वर्षांच्या भिंगरीनं मात्र थेट प्रश्नच विचारला होता : 'आजोबा, चेहऱ्यावरचं हसू काढून कसं ठेवायचं? तुम्हाला माहीत असेल. कारण तुम्ही कधी हसत नाही.'

आजोबांचा जन्म ग्रंथालयात गेला. कुणी काही विचारलं की उठायचं, कपाटाशी जायचं आणि पुस्तक आणून समोर ठेवायचं, एवढंच त्यांना येत होतं. या प्रश्नासाठीही त्यांनी घरातली पुस्तकं चाळली. हसण्यानं प्रकृती सुधारते, माणसं जोडली जातात, दुकान चालतं, असं पुष्कळ सापडलं. हसू उतरवायचं कसं, यावर कुणी दोन ओळीसुद्धा खरडल्या नव्हत्या. त्यांनी उत्तर लिहायला घेतलं, ते उपदेशासारखं वाटलं. फाडलं. पुन्हा लिहिलं, ते पोरकट वाटलं. 'आपण कोण लागून गेलो सांगणारे!' असं पुटपुटत त्यांनी पत्र एका पुस्तकात खूण म्हणून घालून ठेवलं.

प्रश्न मात्र पुस्तकात राहीना. जेवताना, फिरताना, दाढी करताना तो समोर येऊन उभा राहायचा. असं या पोरीला का बरं विचारावंसं वाटलं असेल? शेवटी त्यांनी लेकीला फोन केला. "चार दिवस येऊन राहू का?" वडील आपण होऊन येतो म्हणतात, हे लेकीला आधी खरंच वाटेना.

लेकीच्या घरात पाऊल टाकलं आणि कसल्याशा तारेत पाय अडकून आजोबा पडता पडता वाचले. सोफा भिंतीला सरकवलेला, खोलीच्या मधोमध जाड गादी, गादीसमोर तीन पायांच्या स्टँडवर गोल दिवा आणि दिव्याच्या पोटात फोन.

"बाबा, थांबा!" लेक ओरडली. "जरा बाहेर जाऊन पुन्हा आत या ना. भिंगरी धावत येऊन मिठी मारेल. लोकांना आजोबा फार आवडतात."

आजोबा बाहेर गेले, आत आले. उजेड नीट पडला नाही म्हणून पुन्हा गेले, पुन्हा आले. दुसऱ्या मिठीत नात त्यांच्या कानाशी कुजबुजली, "माझ्याकडे नका बघू आजोबा. फोनकडे बघा."

भिंगरी शाळेच्या चिअरलीडिंग पथकात होती. सामन्याच्या वेळी आपल्या संघाला चेव यावा म्हणून मैदानाच्या कडेला नाचणाऱ्या, कोलांट्या मारणाऱ्या, एकमेकींच्या खांद्यांवर चढून मनोरे रचणाऱ्या मुलींचं ते पथक. ही सगळ्यांत हलकी, म्हणून सगळ्यांत वर. एकदा आईनं सहज तिचा व्हिडिओ टाकला, तो लोकांना आवडला आणि बघता बघता घराचं रूपच पालटलं. आता ती दात घासताना, वेणी घालताना, झोपेतून उठताना, सगळंच लोक बघत होते.

"मी या घरातला दिवा धरणारा, गादी उचलणारा आणि ओरडा खाणारा," जावई हसत म्हणाले.

"आणि उद्या उचलायचं काय ते विसरू नका," लेक म्हणाली. "बाबा, उद्या सकाळी खास व्हिडिओ आहे. लाखभर लोक झालेत आपले! हे तिला हवेत फेकणार आणि झेलणार."

"तिच्या कोचबाई असतील ना?"

लेकीचं तोंड आंबट झालं. "त्या बाईंनी तिला खाली उतरवलंय, बाबा. बाकीच्यांबरोबर उभं केलंय. खालच्या रांगेत कोण बघतं? म्हणून तर घरी करायचं."

दुपारी आजोबा आणि नात जिन्यावर बसले. पत्राचा विषय काढायचा आजोबांना धीर होईना, म्हणून त्यांनी खेळ काढला. "मी रुसून दाखवतो, मग तू दाखव." त्यांनी ओठ लोंबवले, भुवया आखडल्या. रुसणं त्यांना उत्तम जमायचं. त्यांच्या बायकोनं तसं प्रशस्तिपत्रच दिलेलं होतं. भिंगरी खो खो हसली. मग तिची पाळी आली. तिनं ओठ मिटले, नाक फुगवलं आणि तोंडावर हसू फाकलं. हे मघाचं खो खो नव्हतं. कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत ताणलेलं, सगळे दात दाखवणारं हसू. तिनं गालांना हात लावून पाहिलं.

"बघा ना, आपोआपच येतं," ती म्हणाली.

संध्याकाळी तिला सरावाला पोचवायला आजोबाच गेले. वाटेत चपला दुरुस्त करणाऱ्या दुकानासमोर एक गृहस्थ उभे होते. "अरे, भिंगरी! कालचा दात पडला का गं? आणि तो पिवळा टॉवेल कुठाय? हास की!" भिंगरीनं तत्क्षणी तेच हसू हसून दाखवलं.

"ओळखीचे का गं तुझ्या?" थोडं पुढं गेल्यावर आजोबांनी विचारलं.

"नाही. ते मला ओळखतात."

आजोबांनी मागं वळून त्या गृहस्थांकडे पाहिलं. त्यांनी नातीचा हात धरला. तिनं तो झटकन सोडवून घेतला आणि दुसऱ्या बाजूला येऊन दुसरा हात दिला.

सरावाच्या दालनात मोठ्या गाद्यांच्या कडेनं निळी चिकटपट्टी लावलेली होती. आतल्या मुली चांदण्यांसारख्या हसत होत्या. आणि पट्टी ओलांडली की काय नवल! एकीनं मोठी जांभई दिली, एकीनं नाक पुसलं, एक चक्क भोकाड पसरून कोचबाईंच्या कमरेला बिलगली. आजोबा खुर्चीवरून उठून अगदी पट्टीपाशी जाऊन ती बघत राहिले.

"ही कशासाठी?" त्यांनी चाचरत विचारलं.

"आजोबा, आत हसणं हे काम आहे," कोचबाई म्हणाल्या. त्या धिप्पाड होत्या आणि बोलताना शिट्टी बोटाभोवती फिरवायच्या. "पट्टीच्या बाहेर चेहरा ज्याचा त्याचा. तो आईबापांचाही नाही आणि माझाही नाही. मी नव्या मुलीला पहिली उडी शिकवत नाही. 'थांबा' म्हणायला शिकवते. 'मला भीती वाटते', 'मला दुखतंय', हे जिला सांगता येतं तीच वर जाते. तुमची नात आधी सांगायची. आता काहीही विचारा, हसते. अशा मुलीला मी वर कशी पाठवू? तिला काय होतंय ते मला कळणार कसं?"

"तिच्या आईला सांगितलंत?"

"सांगितलं. त्यांना वाटतं, मी जळते." शिट्टी थांबली. "इथं पट्टीला बाहेरची बाजू आहे. घरी कुठाय? उठल्यापासून झोपेपर्यंत पोर आतच!"

आजोबा खूप वेळ घुटमळले. मग, लाजत लाजत, त्यांनी वीतभर पट्टी मागितली. बाईंनी सगळी गुंडाळीच त्यांच्या हातात ठेवली.

घरी आल्यावर त्यांनी धीर केला. "बाळ, जरा जास्त होतंय का गं हे? उद्याचं राहू दे ना."

लेकीनं हातातला फोन खाली ठेवला. "बाबा, शाळेच्या नाटकात मी राणी झाले होते. आठवतं? तुम्ही दुसऱ्या रांगेत होतात, मांडीवर पुस्तक होतं. मी माझं वाक्य म्हणताना तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही पान उलटलंत." तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "माझ्या मुलीकडे सगळं जग बघतंय. तिला कधी असं वाटणार नाही."

खरंच होतं ते. ज्यानं आपल्या लेकीकडे पाहिलं नाही, त्यानं नातीबद्दल कोणत्या तोंडानं बोलायचं? ते आपल्या खोलीत जाऊन बसले. पुस्तक उघडलं, पण एकही ओळ डोक्यात शिरली नाही. डोळ्यांसमोर येत होता तो झटकन सोडवून घेतलेला छोटा हात.

रविवारी सकाळी दिवा लागला. भिंगरी चमचमत्या पोशाखात, हातात गोंडे. "आधी एक कोलांटी, मग वर!" लेक हातातल्या फोनमागून म्हणाली. भिंगरी गोंडे टाकून धावली, हात टेकले, उलटी झाली, उभी राहिली. हसली.

"सुंदर! आता घ्या तिला वर."

जावई वाकले. आणि आजोबांना दिसलं : हसू जागच्या जागी होतं, आणि त्याच्यावरून पाणी वाहत होतं.

"थांबा!"

आपला आवाज एवढा मोठा आहे हे आजोबांना त्या दिवशीच कळलं. जावई दचकून मागं सरले.

"बाबा! चालू आहे ना शूटिंग!"

"बाळ, तो फोन बाजूला कर. तिच्याकडे बघ."

"बघतेय की! हसतेय ती!"

आजोबांनी खिशातून गुंडाळी काढली. कुरकुरणारे गुडघे टेकून त्यांनी गादीच्या कडेला जमिनीवर निळी पट्टी चिकटवली. वाकडीतिकडी, सुरकुतलेली. मग ते पट्टीच्या अलीकडे बसले आणि त्यांनी हात पसरले. "भिंगरे, बाहेर ये."

भिंगरीनं आईकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं. एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा. हसू आधी एका कोपऱ्यातून सुटलं, मग दुसऱ्या, आणि तिनं असा हंबरडा फोडला की लेकीच्या हातून फोन गळून पडला.

"हात दुखतोय! किती दिवस दुखतोय!"

दवाखान्यात डॉक्टरांनी मनगटाचा फोटो उजेडासमोर धरला. हाडाला बारीक तडा होता, आणि तो आजचा नव्हता. "अजून एकदा जोरात पडली असती तर हात वाकडा राहिला असता," ते म्हणाले. "हिनं सांगितलं नाही?"

लेकीला एकदम आठवलं. बाकावर बसून तिनं फोनमधला तो जुना व्हिडिओ काढला. सोफ्यावरून उलटी उडी, हातावर पडणं आणि लगेच उठून हसणं. सगळ्यांत जास्त लोकांनी पाहिलेला व्हिडिओ तोच! 'पडली तरी हसते, वाघीण!' असं कुणी कुणी लिहिलं होतं. लेकीनं तो कितीदा तरी पाहिला होता.

"तेव्हा का नाही गं बोललीस?" ती रडत म्हणाली.

"हसले नसते तर परत करावं लागलं असतं ना," भिंगरी म्हणाली. अगदी साध्या आवाजात, गणित समजावून सांगावं तसं.

लेक वडिलांशेजारी सरकली. "बाबा, तुम्ही पुस्तकात होतात. मी फोनमध्ये. दोघांनीही समोरची पोर पाहिली नाही."

आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. राणीच्या मुकुटावर ठेवायचा राहून गेलेला.

त्याच दिवशी घरातला गोल दिवा उतरला आणि भिंगरीच्या व्हिडिओंचं खातं लेकीनं स्वतः मिटवलं. "दिवा धरणारा बेकार झाला," जावई म्हणाले, आणि सगळ्यांत आधी गादी गुंडाळायला तेच धावले. भिंगरीनं पथक सोडलं नाही. हात बरा झाल्यावर ती पुन्हा जाणार होती, आणि वर जायचं की नाही हे ती आणि कोचबाई ठरवणार होत्या.

मंडळी, मुलांचं कौतुक कुणाला नको असतं? पण चार माणसांना दाखवताना आपलं बघायचंच राहून जात नाही ना, एवढं तुम्ही-आम्ही स्वतःला विचारायला हवं. लेकराच्या टाळ्या जगानं वाजवाव्यात. त्याचं रडू ओळखणं हे घराचंच काम आहे.

"माझ्या प्रश्नाचं काय झालं?" निघायच्या आदल्या दिवशी भिंगरीनं विचारलं. आजोबा तोंड उघडणार, तोच तिनं प्लास्टरचा हात वर केला. "तोंडी नको. मी पत्र लिहिलं होतं."

या खेपेला एकच मसुदा झाला.

'चि. भिंगरीस, उत्तराला उशीर झाला, माफ कर. हसू काढून ठेवायला एक जागा लागते, जिथं आपल्याला कुणी दाखवत नाही, नुसतं बघतं. ती मोठ्यांनी मुलांना द्यायची असते. आम्ही ती द्यायला विसरलो होतो, तुझं काही चुकलं नव्हतं. आता घरात ती आहे. ती हरवली असं वाटलं तर "थांबा" असं जोरात ओरड. मी ओरडून पाहिलंय, जमतं. ता. क. मी कधी हसत नाही हे खरं नाही. पुढच्या वेळी नीट बघ.'

कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत दोघं चालत गेले. पेटीच्या तोंडाशी आजोबांचा हात अडला. उपदेश फार झाला का? शेवटची ओळ खोडावी का?

"अरे, भिंगरी!" चपलांच्या दुकानासमोरचे तेच गृहस्थ. "दिसत नाहीस हल्ली! हास की!"

भिंगरीनं त्यांच्याकडे पाहिलं. "आत्ता नाही, काका," ती शांतपणे म्हणाली आणि तोंड भरून जांभई दिली.

आजोबा हसले. अगदी दात दिसेपर्यंत.

"बघितलं हं मी!" भिंगरी ओरडली, आजोबांच्या हातातलं पत्र तिनं ओढून घेतलं आणि पेटीत टाकून दिलं.