पालथी तवली

मित्रांनो, मी एक जुनी तवली आहे, कालवण शिजवायचं मातीचं पसरट भांडं. ठाण्याजवळच्या दिवा गावात, खाडीकाठी एका कोळ्याच्या घरात फळीवर पालथी पडून असते. मला कोणी हात लावत नाही.

कल्याणच्या बाजारात या घरच्या आवडाबाईने मला बोटाने वाजवून पारखून घेतलं, त्याचा मला भारी तोरा होता. माझ्यात लसणाची फोडणी बसली की शेजारणी वास घेत येत. आवडाबाईची तीन वर्षांची नात रतन चुलीपाशी फतकल मारून बसायची. "आये, मना निवट्या दे!" हा तिचा आजीकडे धोशा. खाडीच्या चिखलातले ते मासे म्हणजे तिचा जीव की प्राण.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर रतनला गोवर आला. आमच्यात गोवर म्हणजे देवी घरी आली असं मानतात. ती जाईपर्यंत फोडणी नाही, मासळी नाही. देवी लवकरच गेली. पण आवडाबाई इतकी धास्तावली होती की ती नवस बोलली, देवीच्या जत्रेपर्यंत चुलीवर तेल-मासळी चढणार नाही. डाळ उष्ण, म्हणून तीही बंद. मी फळीवर गेले. जत्रा होती पार चैत्रात. रतनच्या वाट्याला उरली पेज आणि मीठभात.

हळूहळू तिचे गाल फुगले, पाय गुबगुबीत दिसू लागले. बायका म्हणत, "काय गो सगुणा, पोरीने बाळसं धरलं!" सगुणा, तिची आई, सुखावायची. रतन आता काही मागत नसे, रडतही नसे. सगळे तिला शहाणी म्हणू लागले. मला मात्र त्या शांततेची भीती वाटे.

एक दिवस तिला उभं राहवेना. सगुणा तिला घेऊन दवाखान्यात धावली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, हे बाळसं नाही, सूज आहे. भाताने पोट भरलं, पण अंग कशाने भरणार? डाळ, मासळी, जरासं तेल, सगळं लागतं पोराला. आत्ताच्या आत्ता ठाण्याला मोठ्या दवाखान्यात न्या."

सगुणा रतनला घेऊन कपडे घ्यायला घरी आली आणि तिने डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगितलं. ते ऐकून आवडाबाईने नवस बाजूला सारला, मला खाली काढलं आणि फोडणी घातली. "उठ गो माझे बाय, निवट्या केल्यात बघ." रतनने तोंड उघडलं नाही. ठाण्याला पोचण्याआधीच ती गेली.

ते कालवण कुणी खाल्लं नाही, कुणी टाकलंही नाही. माझ्या तळाशी ते वाळून गेलं. अजूनही तिन्हीसांजेला शेजारी फोडणी चर्र झाली की आवडाबाई दारात जाते आणि म्हणते, "आले गो, वाढते." दारात कोणी नसतं.

मित्रांनो, आजारातून उठलेलं मूल नुसत्या भातावर गप्प बसलं, तर त्याला शहाणं म्हणू नका. त्याच्या भाताशेजारी डाळ वाढा, मासळी वाढा, तेलाची धार सोडा आणि वेळेवर सोडा. मी चुलीवर चढले तेव्हा फार उशीर झाला होता.