राजहंसाच्या शेपटीला दोर

वर्तकनगरला तळमजल्यावर राहणाऱ्या चांगदेव गमऱ्यांनी सहा वर्षं खपून घरात विमान बांधलं. खेळण्यातलं नव्हे, दोन माणसं बसून उडणारं. पंख गॅलरीत, धड बाहेरच्या खोलीत आणि शेपूट मोरीच्या दारात, अशी त्याची वाढ झाली. घरी येणाऱ्याला पंखाखालून वाकून आत शिरावं लागायचं, त्यामुळे ज्यांचं चांगदेवशी पटत नव्हतं तेही आल्याआल्या झुकायचे. इंजिन एका जुन्या जर्मन मोटारीचं, चाकं स्कूटरची, नाव 'राजहंस'. कॉलनीने ठेवलेलं नाव 'कोंबडी'.

चांगदेव वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमचे फोरमन. ८८ साली उडवायची परवानगी मिळाली आणि कोंबडी सिमेंटच्या गुळगुळीत धावपट्टीवरून खरोखर उडाली. नुसती उडाली नाही, सुसाट गेली. चांगदेवनी ते विमान वेगासाठीच बांधलं होतं. पंख आखूड, अंग निमुळतं, चाकांवरसुद्धा वारा कापणारी गुळगुळीत झाकणं. त्यानंतर महिनाभर ते कॉलनीत जरा छाती काढून चालत होते.

अशात एका संध्याकाळी मंजुळा वैती त्यांच्याकडे आली. ही चेंदणी कोळीवाड्यातली, शाळेत पीटी शिकवायची, आणि एनसीसीत असल्यापासून ग्लायडर चालवायची. कल्याणच्या पुढे, मलंगगडाच्या बाजूला एका माळावर तिचा चार-पाच जणांचा क्लब होता. एकच ग्लायडर, लाकडी, एका माणसाचं. त्याला इंजिन नसल्यामुळे कोणीतरी वर खेचून न्यावं लागायचं. ते काम करणारी, दोर गुंडाळायची चरखी गचकली होती.

"गमरे सर, तुमच्या विमानाला दोर बांधून आमचं ग्लायडर वर न्याल का?"

"का नाही? आरामात," चांगदेव म्हणाले. राजहंसाला कोणी काम विचारायला आलं, याचाच त्यांना इतका आनंद झाला की पुढचं काही डोक्यात आलंच नाही.

स्वयंपाकघरातून त्यांची बायको शीला म्हणाली, "आधी माळ तर बघून या."

माळ बघायला ते विमान टेंपोत घालूनच गेले. गुडघाभर गवत, मध्ये म्हशींनी लोळून केलेले खळगे, एका टोकाला शेताचा बांध आणि त्यामागे बाभळी. मंजुळाचे वडील दामाजी आधीच येऊन बसले होते. त्यांची खाडीत होडी होती आणि क्लबला दोर त्यांनी दिला होता. आपला दोर काय ओढणार ते त्यांना बघायचं होतं.

"मिस्त्री, यो इमान हाय का रिक्षा?" चाकांकडे बघत त्यांनी विचारलं.

चांगदेवनी इंजिन सुरू केलं, राजहंस ऐटीत निघाला आणि पहिल्याच खळग्यात नाक खुपसून उभा राहिला. शेपूट आभाळात. पंख्याचं एक पातं तुटून गवतात पडलं. दामाजी हसून हसून जमिनीवर बसले. शेजारची म्हैस मात्र उठून गेली.

मंजुळाने चांगदेवना बाहेर यायला हात दिला आणि खरं ते सांगितलं. "सर, अजून दोर बांधलाही नव्हता. आणि बांधला असता तरी जमलं नसतं. मला सावकाश ओढणारं विमान पाहिजे. तुमचं विमान सावकाश उडूच शकत नाही. मागे वजन लागलं की ते जमीनच सोडणार नाही."

"म्हणजे निकामी?"

"वेगाला भारी आहे. ओढायला नाही."

घरी आल्यावर चांगदेव जेवले नाहीत. शीलाने ताट झाकून ठेवलं. "एवढं काय झालं? नाही म्हणून सांगा तिला."

"अगं, हे विमान बनवलं कशाला मी? वर जायचं, फेरी मारायची, खाली यायचं. पहिल्यांदाच कोणाला तरी त्याची गरज पडली."

"मग करा त्याला गरजेचं. एवढं तोंड पाडून बसू नका, विमान बरं दिसतं तुमच्यापेक्षा."

करायचं म्हणजे बिघडवायचं होतं. चांगदेवना ते चांगलं कळत होतं. त्यांनी चाकांवरची ती सुंदर झाकणं काढली. कल्याणच्या भंगारवाल्याकडे मोडीत निघालेल्या एका विमानाची जाडी, फुगीर चाकं मिळाली, ती बसवली. सागाचा नवा पंखा कोरला, पाती कमी तिरकी ठेवून. अशा पंख्याने जोर वाढतो, वेग मरतो. पंखांची टोकं एकेक हात लांबवली. शेपटीला आकडा लावला आणि दोर सोडायचा खटका सीटजवळ आणला. शेवटी राजहंस गावाकडच्या पैलवानासारखा दिसायला लागला. चांगदेवनी त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी पुन्हा सगळे माळावर जमले. क्लबचे अध्यक्ष सीतारामशेठ यांना ग्लायडरमधलं काही कळत नव्हतं, पण उद्घाटनातलं सगळं कळत होतं. त्यांनी माळाच्या कडेला मांडव घातला, वर स्वतःच्या नावाचा फलक लावला आणि माईकवर बोलायला सुरुवात केली. भाषण संपेना. म्हशींचे खळगे रात्रीत मातीने बुजवले होते, तेही आता वाळून गेले असतील, असं दामाजी मोठ्याने म्हणाले.

त्यांचा स्वतःचा मूड आधीच गेला होता. कारण मंजुळाने त्यांच्या दोराच्या टोकाशी मुद्दाम एक बारीक तुकडा जोडला होता.

"माजा दोर तुटत नाय. तू त्याला तुटका कशाला केलास?"

"जास्त ताण आला तर तुटायला पाहिजे, बाबा. नाहीतर आम्ही दोघंही पडू."

दामाजींनी तो तुकडा दोनदा ओढून बघितला आणि दोर खाली ठेवला.

शेठ पाणी प्यायला थांबले, तेवढ्यात चांगदेवनी इंजिन सुरू केलं. दोर ताणला. राजहंस गवतातून उड्या मारत निघाला. मागचं ग्लायडर हलकं, ते लगेच जमिनीवरून उचललं गेलं. मंजुळाने ते मुद्दाम खालीच धरून ठेवलं, कारण ते फार वर गेलं असतं तर राजहंसाची शेपूट उचलली जाऊन नाक पुन्हा मातीत गेलं असतं. राजहंस धावत होता. धावतच होता. बांध जवळ आला. खटका दाबला की दोर सुटेल आणि निदान स्वतःचं विमान उडेल, हे चांगदेवना माहीत होतं. फक्त मग मंजुळा त्या बाभळींसमोर एकटी राहिली असती.

बांध अगदी चाकांखाली आला तेव्हा राजहंसाने जमीन सोडली. बाभळीचा शेंडा चाकाला घासला. मांडवात कोणीतरी किंचाळलं, बहुतेक सीतारामशेठच.

पुढे ते हळूहळू, अगदी घाटातल्या एसटीसारखे चढत गेले. इंजिन तापलं, काटा लाल रेघेवर गेला. खाडीकाठी वीटभट्ट्या होत्या. तिथे उष्ण हवेवर घारी घिरट्या घालताना दिसल्या. चांगदेवनी ग्लायडर तिथपर्यंत नेलं आणि पंख हलवून सोडायची खूण केली. मंजुळाने दोर सोडला आणि घारींच्या घोळक्यात शिरली.

इकडे चांगदेवच्या इंजिनाने एकदा खोकून राम म्हटलं. आता आभाळात दोन ग्लायडरं झाली. एक वर चढत होतं आणि दुसरं माळाकडे घाईने येत होतं. घाईत शेपटीला लोंबणारा दोर टाकायचं राहून गेलं. राजहंस माळावर नीट टेकला, फुगीर चाकांनी उरलेसुरले खळगे सहज खाल्ले, पण टेकण्याआधी दोर मांडवाला अडकला. बारीक तुकडा मंजुळाकडच्या टोकाला होता, इथे सगळा दोर दामाजींचा. तो तुटला नाही. मांडव, फलक आणि माईक राजहंसाच्या मागून वरातीसारखे माळभर फिरले. शेठ खुर्चीसकट जागेवर शाबूत होते, वर फक्त आभाळ.

कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष वर होतं. दामाजी बांधावर जाऊन उभे राहिले होते, कपाळावर हात धरून. ग्लायडर इतकं उंच गेलं होतं की घारींमधून ते ओळखू येईना.

मंजुळा बऱ्याच वेळाने, आवाज न करता उतरली. बाहेर येऊन सरळ चांगदेवकडे गेली.

"सर, बांधापाशी तुम्ही खटका दाबाल असं वाटलेलं मला."

"हात त्याच्यावरच होता."

"माझाही माझ्या खटक्यावर होता."

दोघंही हसले आणि चांगदेव राजहंसाच्या चाकाला टेकून बसले. दामाजींनी त्यांना आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, "मिस्त्री, इमानच हाय तुजा."

पुढे दोन हिवाळे राजहंसाने हे काम केलं. इंजिनावरच्या झाकणाला हवेसाठी मोठं भोक पाडलं, पळायला माळ थोडा लांबवला, आणि उन्हं चढली की काम बंद, असा नियम झाला. भाषणं बांधापलीकडे. मग माळाला कुंपण पडलं, प्लॉट निघाले, आणि मंजुळाने ग्लायडर दुसऱ्या गावच्या क्लबला देऊन टाकलं.

कुंपण पडायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी शीला पहिल्यांदा माळावर आली. बाजूच्या सीटकडे बघून तिने विचारलं, "पूर्वीसारखं सुसाट जात नाही ना हे आता?"

"नाही गं. बैलगाडी झालीय."

"मग बसते," ती म्हणाली आणि पदर खोचून चढली.