बकारामला न सापडलेला माणूस

केवळराम पटले वारला तेव्हा त्याची सहावी कादंबरी अर्धीच झाली होती. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, नागपूरच्या प्रकाशकाला आणि शालीकराम कटरे गुरुजींना.

धानाच्या बांधीतून उठून नागपुरात छापला जाणारा केवळराम हा आमगावचा एकच माणूस. वाचनालयात त्याचा फोटो लागलेला, शाळेच्या प्रत्येक समारंभाला त्याची खुर्ची ठरलेली. शालीकराम त्याचा बालमित्र. केवळरामचं अक्षर म्हणजे कोंबडीनं माती उकरावी तसं, म्हणून त्याची प्रत्येक कादंबरी शालीकराम सुवाच्य उतरवून द्यायचा. मित्राची वाक्यं कशी चालतात, कुठे थांबतात, हे त्याच्या हातालाच कळून गेलं होतं. म्हणूनच तेरवी आटोपल्यावर प्रकाशक आला तो सरळ त्याच्याकडे.

"लोक वाट पाहताहेत, गुरुजी. तुम्ही पुरी करा. नाव त्यांचंच राहील. कुणाला कळायचं नाही."

शालीकरामने आधी नाही म्हटलं. मग मित्राचं काम अर्धं राहतं याचंच त्याला वाईट वाटू लागलं, आणि तो लिहायला बसला.

केवळरामने नायकाला, रघुनाथाला, आजारी लेक नि बायको मागे ठेवून शहराच्या गाडीत बसवून दिलं होतं. पुढे काय, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. शालीकरामने पुढचं घेतलं ते गावात घडलेल्या गोष्टीवरून. बारा वर्षांमागे केवळरामची एकुलती लेक शामकला तापाने फणफणली, तेव्हा केवळराम नागपुरात लेखकांच्या सभेला गेला होता. त्याच्या बायकोने, गीताबाईने, शेजारच्या बकारामला गाडीत बसवून धाडलं. बकाराम दुसऱ्या दिवशी एकटाच परत आला. "सापडले नाई," एवढंच बोलला. त्याच संध्याकाळी पोर गेली. केवळराम आला तो तिची राख नदीत गेल्यावर, आणि भर अंगणात बकारामवर ओरडला, "साऱ्या मंडपाले माहं नाव ठाऊक, अन तुलेच मी सापडलो नाई?"

तेव्हापासून कुणी रिकाम्या हाताने परतलं की आमगावात म्हणत, "बकारामले धाडलं होतं का गा?" बकाराम ऐकून घ्यायचा. गीताबाईने तर त्याचं तोंड पाहणंच सोडलं.

शालीकरामने कादंबरीत एक फिरवाफिरव केली. रघुनाथाच्या हातून काहीतरी पाप घडायला हवं, त्याशिवाय शेवटच्या प्रकरणात तो बायकोसमोर गुडघे टेकणार कसा? म्हणून त्याने निरोप्याला रघुनाथ सापडू दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी रघुनाथाचं भाषण असतं. तो निरोप्याला म्हणतो, 'जा, सापडलो नाही म्हणून सांग.' लिहून झाल्यावर शालीकराम स्वतःवरच खूश झाला. गावाचं नाव बदललं, नदी बदलली. एवढ्याने भागेल असं त्याला वाटलं.

पुस्तक छापून आलं ते छप्पन्न सालच्या पौषात. धान घरात येऊन पडलं होतं, लोकांना सवड होती. दर रविवारी दुपारी वाचनालयाच्या ओसरीवर शालीकरामनेच ते मोठ्याने वाचायचं ठरलं. पुरुष ओसरीवर, बाया आतल्या खोलीत दाराशी. केवळरामची शेवटची कादंबरी म्हणून बिरसी गावचेही लोक बैलबंड्या जुंपून आले. पहिले दोन रविवार वाहवा झाली. "केवळरामच बोलून राहिला, असं वाटते," वाचनालयाचे अध्यक्ष भैयाजी म्हणाले, आणि शालीकरामने पुढचं पान जरा जास्तच जोरात वाचलं.

तिसऱ्या रविवारी ते प्रकरण आलं.

'जा, सापडलो नाही म्हणून सांग.' शालीकरामने वाचलं आणि पान उलटलं. 

"थांबा गुरुजी," भैयाजी म्हणाले. "ते मांगचं पुन्हा वाचा."

त्याने पुन्हा वाचलं. यावेळी त्याचा आवाज बारीक झाला.

"हे तं शामकलाचं होय," मागून कुणीतरी म्हणालं.

"म्हनजे सापडला होता का काय?"

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. बकाराम पायरीच्या कडेला, चपलांजवळ बसला होता. तो उठून उभा राहिला. 

"लिहिलं त्यायनं," तो म्हणाला. "शेवटी लिहिलं बाप्पा!"

आणि तो माणूस सर्वांसमोर धाय मोकलून रडला. रडता रडता बोलत गेला, "सापडले होते जी! मंडपाच्या मांगं भेटले. पोरीले लय ताप हाय, चला म्हटलं. त म्हने, उद्या सकाळी माहं भाषण हाय, पोराइले ताप येतच राहते, सापडलो नाई म्हनून सांग. महादेवाची शपत घातली मले. मंग पोर गेली. मंग म्हने, आता सांगशील तं गीता विहिरीत जीव देईल, तुह्या माथी पाप लागंल. मी कायले बोलतो? आता त्यायनंच लिहिलं. आता मी सुटलो."

शालीकरामच्या हातातलं पुस्तक मांडीवर पडलं.  हे सारं त्याने डोक्यातून काढलं होतं. पाटावर बसून, पान चघळत, गोष्ट रंगावी म्हणून. त्याने मित्रावर एक खोटं पाप घातलं होतं, आणि ते खरं निघालं होतं.

आत बायांमध्ये बांगड्या वाजल्या. गीताबाई उठली, माणसांमधून वाट काढत पायऱ्या उतरली आणि कुणाकडेही न पाहता घराकडे गेली.

मग ओसरीवर एकच गलका झाला. "फोटो उतरवा त्याचा!" एकजण ओरडला. "काऊन? मानसानं मरता मरता कबूल तं केलं! एवढी छाती कोनाची हाय?" दुसऱ्याने उलट विचारलं. भैयाजी फोटोकडे पाहत बसून राहिले. मुकादम असलेला दुलीचंद, ज्याने बकारामची सर्वांत जास्त टर उडवली होती, तो चपला न घालताच निघून गेला.

शालीकराम त्या आठवड्यात शाळेत गेला नाही. शनिवारी गीताबाईचा निरोप आला.

ती माजघरात बसली होती. पुस्तक तिच्या पुढ्यात होतं. शेजारच्या प्रेमिलेकडून तिने शेवटचं प्रकरण वाचवून घेतलं होतं, ज्यात रघुनाथ बायकोची माफी मागतो.

"बसा गुरुजी. सारा आठवडा मी त्यायच्या फोटोसंग भांडली," ती म्हणाली. "शिव्या देल्या. जेवली नाई. मंग प्रेमिलेनं हे वाचून दाखोलं. आज सकाळी फोटोले हार घातला. म्हटलं, जा, केलं माफ. जित्तेपनी तोंड उघडलं नाई, पन बोलले तं." तिने पुस्तक पुढे सरकवलं. "एकच इचारायचं होतं. हे कधी लिहिलं त्यायनं? दुखन्यात मी बाजूलेच बसून राहत होती. मले दिसलं कसं नाई?"

'शेवटी शेवटी' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. शब्द शालीकरामच्या जिभेवर आलाही. पण ती ज्या आशेने पाहत होती ते त्याला सोसवेना.

"वयनी, हे त्यानं नाही लिहिलं. अर्धी कादंबरी माझी आहे. ही माफीही माझीच."

"तुमाले त्यायनं सांगितलं होतं?"

"नाही. मला काहीच ठाऊक नव्हतं. मनानं रचलं."

 बाहेर कुणीतरी गुरं हाकत गेलं, धूळ दारापर्यंत आली.

"मंग मी माफ कोनाले केलं?" तिने विचारलं.

 तिने उठून फोटोवरचा हार काढला, फेकला नाही, नुसता कोनाड्यात ठेवला.

"बकारामले सांगितलं?"

"नाही. त्याला वाटतं केवळरामनंच सोडवलं. राहू द्यावं म्हटलं..."

"कायले राहू द्यावं? बारा वर्सं त्या बिचाऱ्यानं त्यायच्यापायी शिव्या खाल्ल्या. आता उपकारबी त्यायचेच मानू द्यायचे का? चला."

बकाराम अंगणात दोर वळत होता. गीताबाईला दारात पाहून तो धडपडत उठला. शालीकरामने खरं काय ते सांगितलं तसा तो दोर हातात घेऊन खाली बसला. 

"मंग शपत मीच मोडली," तो पुटपुटला. दोराचा एक पीळ त्याने पुन्हा घट्ट केला. "मीच मोडली म्हनजे. कोनी मोकळं केलं नाई." मग मान वर करून म्हणाला, "बरं केलं मी."

दुसऱ्या दिवशी ओसरी आधीपेक्षा जास्त भरली. शालीकरामने उभं राहून सगळं सांगून टाकलं. लोक पुन्हा हादरतील, आपल्याला फाडून खातील, अशी त्याची तयारी होती.  पण दुलीचंद हसला.

"गुरुजी, दोस्ताची अब्रू वाचवून राहिले का? केवळरामचं पाप आपल्या अंगावर घेऊन राहिले!"

"तुमी अन कादंबरी?" भैयाजी मायेने म्हणाले. "आमी का केवळरामले वळखत नाई? त्याचंच लिहिनं होय. बसा, पुढचं वाचा. माफीचं प्रकरण वाचा."

शालीकराम पुस्तक उघडून तसाच उभा राहिला. त्याने दाराकडे पाहिलं. गीताबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "ते वाचू नका. त्यायनं मांगितली नाई."

त्याने पुस्तक मिटलं. लोक कुरकुरत उठले. शेवट नसलेली कादंबरी ऐकायला का आम्ही एवढ्या दूरून आलो, असं बिरसीवाले म्हणत होते.

पायऱ्या उतरताना गीताबाई बकारामजवळ थांबली. बारा वर्षांत ती त्याच्याशी बोलली नव्हती.

"तू दुसऱ्या दिवशी निंघाला. मंग भाषण आयकलं असशील?"

"गाडी दुपारची होती, वयनी. मंडपाच्या मांगंच बसून राहिलो. चलतील म्हटलं, भाषण झाल्यावर तरी चलतील."

"काय बोलले?"

"मले का समजते त्यातलं?" बकाराम म्हणाला. मग खाली पाहून, जणू चूक त्याचीच होती अशा आवाजात म्हणाला, "पन टाळ्या लय पडल्या."