सव्वातीनची किटली

तीन वाजायला आले तशी विनी थ्वेटच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. ऑल्डरक्लफ गावातली माणसं एरवी शेजाऱ्याच्या दारात उभी राहून पावसावर बोलतील, पण आत या म्हटलं तरी येणार नाहीत. आज मात्र सतरा जण ओले कोट काखोटीला मारून एका विजेच्या किटलीकडे टक लावून उभे होते. खाटकाची बायको ग्लेनिस सर्वांत पुढे होती. तिच्यामागे निवृत्त पोस्टमन लायनल टाचा उंचावून बघत होता. किटली ब्रेडच्या डब्याशेजारी नेहमीच्या जागी पाण्याने भरून ठेवलेली. विनीच्या घरात किटली रिकामी कधी नसतेच, कारण पाहुण्याने कोट काढायच्या आत पाणी तापत नसेल तर तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

चमत्कार असा होता की ही किटली आपोआप चालू व्हायची. तीही विनीच्या नवऱ्याच्या, अर्नीच्या, चहाच्या वेळेला. आणि अर्नीला जाऊन ऑगस्टपासून अडीच महिने झाले होते.

पहिल्यांदा हे सगळ्यांच्या नजरेस आलं ते त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी. माणसं हॅमची सँडविचं खात हळू आवाजात बोलत असताना बरोबर सव्वाचारला किटलीचा निळा दिवा लागला आणि पाणी गुणगुणायला लागलं. सगळ्यांच्या अंगावर काटा आला. विनी म्हणाली, "अर्नी आला." बिचारी दुःखात होती, तिला कोण काय बोलणार? पण आठवड्याभरात ही बातमी तीन गावं ओलांडून मिस्टर पेरेग्रिन व्हेल यांच्या कानी गेली, आणि दुःखाचा धंदा सुरू झाला.

हे व्हेल म्हणजे मृतांचे दूत. निदान त्यांच्या पत्रकावर तसं छापलेलं होतं. जांभळं मखमली जाकीट, गळ्यात रेशमी रुमाल आणि सर्दी झाल्यासारखा खोल आवाज. पहिल्या दिवशी ते चहाला आले. दुसऱ्या आठवड्यात 'कंपनं जवळून अनुभवायला' मागच्या झोपायच्या खोलीत मुक्कामाला आले, आणि तेव्हापासून विनीच्या हातचा रविवारचा रोस्ट आणि आल्याचा केक यांची कंपनं अगदी जवळून अनुभवत होते. दर मंगळवारी दरबार भरायचा. आपोआप तापलेलं पाणी ओतून व्हेल थंड पाणी भरायचे आणि अर्नीला प्रश्न विचारायचे. किटली चालू झाली तर हो, गप्प राहिली तर नाही. गंमत म्हणजे किटली खरंच उत्तरं द्यायची.

मार्जरी होल्रॉयड दाराशी, कोटांच्या खुंटीजवळ उभी होती. तिने गावच्या शाळेत एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं होतं आणि समोरच्या सतरापैकी नऊ जणांना स्वतः पास केलं होतं. ते बघून तिला आता आपल्याच पेपरतपासणीची शंका येत होती. ती विनीची शाळेपासूनची मैत्रीण. देवावर तिचा काडीचा विश्वास नाही, पण चर्चच्या मनोऱ्यातलं घड्याळ गेली बारा वर्षं तीच लावते, कारण ते काम नीट करणारं दुसरं कोणी नाही. पाद्रीबुवांचीही त्याला हरकत नाही.

तिने दोन महिने तोंड बंद ठेवलं होतं. विनीला त्यात आधार वाटतोय तर वाटू दे, असं तिने ठरवलं होतं. पण आता फ्रिजवर इस्पितळाचं पत्र लागलं होतं. विनीच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. स्वयंपाकघरातून जिन्यापर्यंत जाताना ती दोनदा थांबून श्वास घ्यायची. शस्त्रक्रिया गुरुवारी होती. येणार की नाही ते आज पाचच्या आत फोनवर कळवायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार आणि पुढची तारीख थेट ईस्टरनंतरची. ईस्टरपर्यंत ती झडप तग धरेल असं कुठलाही डॉक्टर सांगायला तयार नव्हता.

आणि विनी फोन करत नव्हती, कारण किटली नाही म्हणाली होती.

झालं असं की ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी किटली सव्वाचारऐवजी सव्वातीनलाच चालू झाली. सोमवारीही तसंच झालं. व्हेलसाहेबांनी लगेच डोळे मिटले. "अर्नी घाईत आहे," ते म्हणाले. "तुमच्यापाशी वेळ कमी आहे हे तो सांगतोय. त्या टेबलावर झोपलात, मिसेस थ्वेट, तर उठणार नाही." मग त्यांनी अर्नीला रीतसर विचारलं, विनीने इस्पितळात जावं का? किटली गप्प राहिली.

शस्त्रक्रिया झाली असती तर विनीची मुलगी हेदर ॲबर्डीनहून सहा आठवडे आईची शुश्रूषा करायला येणार होती, आणि झोपणार होती ती त्याच मागच्या खोलीत. हे मार्जरीने विनीला बोलून दाखवलं, तर विनी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

पण तो रविवार मार्जरीच्या डोक्यातून जाईना. त्या रविवारी ती स्वतः बासष्ट पायऱ्या चढून मनोऱ्यात गेली होती. हिवाळ्याची वेळ सुरू होते तेव्हा सगळा देश घड्याळं तासभर मागे घेतो. चर्चचं जुनं घड्याळ मागे फिरवता येत नाही, म्हणून ती लंबक धरून थांबवते आणि तासभर तिथेच चीजचं सँडविच खात बसते. खाली उतरून विनीकडे आली तर किटली एक तास आधी उकळलेली. पाऊण नाही, सव्वा नाही, बरोबर एक तास. घड्याळ बदलायचं राहून गेलं की हेच होतं, हे ऑल्डरक्लफमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ते मेलेल्या माणसाला लागू पडेल असं मात्र कोणाच्या मनात आलं नाही.

म्हणून आज सकाळी व्हेल अंघोळीला गेले आणि विनी दुकानात, तेव्हा मार्जरी जिन्याखालच्या कपाटात वीस मिनिटं बसून आली होती.

"शांतता राखा," व्हेल आता म्हणाले. "पलीकडची माणसं फार हळवी असतात. संशयाचा वास आला तरी मागे फिरतात." त्यांनी मार्जरीकडे पाहिलं.

"मी अंघोळ करून आलेय," मार्जरी म्हणाली. "तुम्ही चालू द्या."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले. सतरा माना पुढे झाल्या. किटली ढिम्म. तीन सतरा. तीन वीस. लायनलच्या पोटात गुरगुरलं तेवढाच काय तो पलीकडचा आवाज.

व्हेल यांचा उजवा हात जाकिटाच्या खिशात गेला. मखमलीखाली अंगठा हलताना मार्जरीला स्पष्ट दिसला. त्याने एकदा दाबलं, दोनदा दाबलं, मग जरा चिडून दाबलं.

"अर्नी रागावलाय," व्हेल म्हणाले. "तरी मी विचारतो. अर्नी थ्वेट, तुझ्या विनीने इस्पितळात जावं का?" ते थांबले. किटली गप्प. "पाहिलंत? मौन. मौन म्हणजे नाही."

विनी खुर्चीत आणखीच खचली. "मी सांगितलं होतं ना, मार्जरी. तो नकोच म्हणतोय."

"बरं. मग उलटं विचारा," मार्जरी म्हणाली. "विनीने घरीच राहावं का?"

"असं उलटसुलट विचारायचं नसतं."

"का? अर्नी टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं होता. साध्या प्रश्नाला गोंधळणारा नव्हता. ग्लेनिस, तू विचार."

ग्लेनिसने घसा साफ केला. "अर्नी, विनीने घरी राहावं का रे?"

किटली गप्पच.

"म्हणजे इस्पितळात जायचं नाही आणि घरीही राहायचं नाही," लायनल म्हणाला. "मग काय बसथांब्यावर बसायचं?"

कोणीतरी हसलं. व्हेल यांनी गळ्यातला रुमाल सैल केला.

"आता मी एक विचारते," मार्जरी म्हणाली. तिने पिशवीतून टॅब काढला आणि सगळ्यांना दिसेल असा समोर धरला. "अर्नी, या सद्गृहस्थांचं खरं नाव बॅरी पिकल्स आहे का?"

तिने बोट टेकवलं. टक् असा आवाज झाला, निळा दिवा लागला आणि पाणी गुणगुणायला लागलं.

सतरा माना किटलीवरून टॅबकडे वळल्या.

"यात अर्नी नाही, माझं बोट आहे," मार्जरी म्हणाली. "ही किटली वाय-फायवर चालते. अर्नीने ती, दिवे आणि हीटर सगळं एका छोट्या संगणकाला जोडलं होतं. तो जिन्याखाली बिस्किटांच्या डब्यात आहे, आत्ताही त्याचा हिरवा दिवा लुकलुकतोय. ज्याच्या फोनला त्या डब्याची परवानगी आहे त्याने खिशात बोट दाबलं की किटली चालू. परवानगी घ्यायला पासवर्ड लागतो. तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, अर्नीच्याच अक्षरात, कारण विनीच्या लक्षात राहत नाही. मागच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला तो वाचायला कंपनं लागत नाहीत. डब्यात तीन फोनांची नावं होती. अर्नीचा फोन, विनीचा फोन आणि बॅरी पिकल्सचा फोन. आपल्यात बॅरी कोण आहे? खिशातला फोन बाहेर काढा, मिस्टर व्हेल. सकाळीच त्याची परवानगी काढून या टॅबला दिलीय, म्हणून तुमचा अंगठा दुखतोय."

"ही... ही विकृत, जडवादी बाई आहे," व्हेल म्हणाले. खोल आवाज कुठच्या कुठे गेला होता, आता शुद्ध बाजारातला आवाज आला. "माझी साधना..."

"फोन काढ की, बॅरी," लायनल म्हणाला.

बॅरीने फोन काढला नाही. त्याने कोट काढला, खुंटीवरून. वाट द्यायला सतरा माणसं बाजूला झाली आणि इतका वेळ त्याच्या तोंडाकडे बघणाऱ्यांपैकी कोणाला आता त्याच्याकडे बघवेना. जाताजाता त्याने टेबलावरच्या केकचा तुकडा उचलला, हे मात्र सगळ्यांनी पाहिलं.

विनी रडत नव्हती. ती चिडली होती, आणि ती मार्जरीवर. "आणि सव्वाचारचं काय? अंत्यविधीच्या दिवशी हा मेला बॅरी कुठे होता? तेव्हा कोणी दाबलं?"

"कोणी नाही."

"मग?"

मार्जरीने पिशवीतून अर्नीची निळी वही काढली. तीही डब्याशेजारीच होती. त्याने प्रत्येक जोडणी शिसपेन्सिलीने लिहून ठेवली होती, सगळं खात्यातल्या शिस्तीने. तिने पान उघडून विनीपुढे ठेवलं. जूनची एकोणीस तारीख. खाली लिहिलं होतं: विनीचा चहा, रोज सव्वाचार. मला आता ओट्यापर्यंत जाववत नाही.

"वीस वर्षं सव्वाचारचा चहा तोच करायचा ना तुझा?" मार्जरी म्हणाली. "उभं राहवेना तेव्हा त्याने हे जोडून ठेवलं. तुला वाटायचं तो पलंगावरून रोज फोनवर दाबतो. त्याने एकदाच लावलं होतं. घड्याळ मात्र ग्रिनिचच्या, म्हणजे आपल्या हिवाळ्याच्या वेळेवर ठेवून त्यात सव्वातीन लावलं, म्हणून उन्हाळ्यात बरोबर चाललं आणि हिवाळ्याची वेळ आल्यावर एक तास आधी वाजायला लागलं. त्याने नंतर दुरुस्त केलं असतं. पण त्याने ऑक्टोबर पाहिलाच नाही, विनी. तुला धोका सांगायला कोणी घाई करत नव्हतं. एका मेलेल्या माणसाची एक चूक राहून गेली होती, आणि त्या चुकीवर तो चोर तुझा जीव घ्यायला निघाला होता."

विनीने त्या ओळीवर बोट फिरवलं.

"म्हणजे तो नाहीच," ती शेवटी म्हणाली.

"नाही. तो टेकडीवरच्या दफनभूमीत आहे. आपण दोघींनी पाहिलंय."

"तू फार दुष्ट आहेस, मार्जरी."

"असेन. ते पत्र दे इकडे."

"मीच करते फोन," विनी म्हणाली, आणि धरून धरून फ्रिजपर्यंत गेली. तिने पत्रावरचा नंबर लावला. हो, गुरुवारी येते म्हणाली. हो, मुलगी असेल बरोबर. नाही, बाकी काही त्रास नाही, डोकं मध्यंतरी जरा बिघडलं होतं, ते आता ठीक आहे.

माणसं ओशाळून कोट घालायला लागली. ग्लेनिस म्हणाली, "मला पहिल्यापासून संशय होताच हं." मार्जरीने तिच्याकडे असं बघितलं, जसं कॉपी करणाऱ्या पोरीकडे बघायची. "ग्लेनिस, दोन महिने तू पहिल्या रांगेत उभी होतीस. कपाटाचं दार एकदा उघडलं असतंस तर पुरे होतं. अक्कल लागत नव्हती, नुसती चौकशी लागत होती. तुमच्यातल्या एकानेही ती केली नाही आणि या बाईची शस्त्रक्रिया जवळजवळ गेली. पुढच्या वेळी काही आपोआप चालू झालं तर आधी तार कुठे जाते ते बघा. मग हवं तर गुडघे टेका."

बाहेर अंधारायला लागलं होतं. मनोऱ्यात चारचे ठोके पडले, बरोबर चारला.

सगळे गेल्यावर विनीने किटलीतलं पाणी ओतून ताजं भरलं. "आता ते बंद करणार का तू? त्याचं ते सव्वाचारचं?"

"सकाळीच बघितलं मी," मार्जरी म्हणाली. "बंद नाही केलं. एक तास पुढे घेतलं फक्त."

दोघी खुर्च्या ओढून बसल्या. सव्वाचारला टक् झालं. विनी दचकली नाही. ती उठली, दोन कप काढले आणि त्यात टी-बॅग टाकल्या.