मेट्रनबाईंची सही

पीएच.डी. झाल्यावर माणूस पाचच वर्षं 'नवोदित संशोधक' राहतो, असं अनुदान देणाऱ्यांनी ठरवून टाकलंय. माझी पाच वर्षं येत्या महिन्यात संपतात. म्हणजे हा शेवटचा अर्ज. मिळाला तर माझी कंत्राटी नोकरी आणखी तीन वर्षं टिकणार, नाहीतर मानसशास्त्राला रामराम ठोकून कुठल्यातरी कंपनीत नोकरभरतीच्या मुलाखती घेत बसायचं.

अर्ज छत्तीस पानांचा. संशोधनातले धोके शंभर शब्दांत लिहा, मग तेच पन्नास शब्दांत लिहा, मग ते का टळतील ते लिहा. विभागप्रमुखांनी मसुदा तीन आठवडे दाबून ठेवला आणि परत दिला तेव्हा एकच दुरुस्ती केली होती, माझ्या नावाच्या वर स्वतःचं नाव घातलं होतं. त्यात आई फोनवर विचारते, "अगं, पगार देतात ना तुला? मग दारोदार मागत कशाला हिंडतेस?" तिला समजावता समजावता माझंच डोकं उठतं.

शेवटच्या दिवशी दुपारी साडेतीन वाजता संगणकाने तांबड्या अक्षरांत कळवलं की रुग्णालयाच्या संमतीपत्रावर अधीक्षकांची सही चालणार नाही, मेट्रनची हवी. मुदत पाचपर्यंत. हे सकाळी सांगायला काय धाड भरली होती? शिवाय अर्ज भरता येतो तो फक्त विभागातल्या संगणकावरून. मी कागद घेतला आणि रुग्णालयाकडे धावत सुटले.

मेट्रनबाई पुढच्या आठवड्याच्या ड्युट्या लावत होत्या, हातात खोडरबर. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुम्हीच ना त्या? वॉर्डात तीन महिने घड्याळ घेऊन उभ्या होतात. पोरींना वाटायचं, कामचुकार शोधायला आलीये."

"हो, मीच. आता त्याचाच पुढचा टप्पा करायचाय. फक्त इथे सही—"

"मागच्या टप्प्यातून काय निघालं?"

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी भराभरा सांगितलं, "औषधं काढताना सिस्टरला कुणी मध्येच हाक मारली, तर चुका दुप्पट होतात. त्या वेळी तिच्याशी कुणी बोलायचंच नाही, एवढा नियम केला तरी पुष्कळ टळतील." आणि न राहवून जोडलं, "मोठ्या नियतकालिकात छापून आलंय."

"कधी?"

"झाली चार वर्षं."

बाईंनी खोडरबर खाली ठेवलं. "म्हणजे चार वर्षं तुम्हाला हे ठाऊक होतं?"

'निष्कर्ष आपल्याला कळवले जातील' हे वाक्य मीच टाइप करून बावीस सिस्टर्सच्या सह्या घेतल्या होत्या. मग प्रबंध, मग अर्ज, मग आणखी अर्ज. कळवायचं राहूनच गेलं.

"दोन वर्षांपूर्वी आमच्या एकीने भलत्याच पेशंटला इंजेक्शन दिलं," बाई म्हणाल्या. "पेशंट वाचला, हिची नोकरी गेली. पाच मिनिटांत सहा जणांनी हाका मारल्या होत्या तिला, मी कानीकपाळी ओरडून सांगत होते. चौकशीवाले मला म्हणाले, पुरावा काय? अपील अजून पडून आहे."

त्यांनी नाव सांगितलं. पहिल्याच दिवशी मला उभी बघून कुठूनतरी स्टूल आणून देणारी ती. माझ्या तक्त्यात सहभागी क्रमांक चौदा, सगळ्यात जास्त हाका जिला आल्या ती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी माझा कागद ओढला, सही केली, शिक्का मारला. "घ्या. तुमचं अडायला नको."

चार पंचवीस. आत्ता निघाले तर पोचत होते.

"त्यांच्या अपिलासाठी मी लिहून देते, सगळ्या आकड्यांसकट," मी म्हणाले. "उद्या येऊन."

"उद्या याल?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. आणि माझी मलाच खात्री नव्हती. उद्या काहीतरी निघणारच होतं, गेली चार वर्षं रोज निघत आलं होतं तसं.

मी बसले. "कोरे कागद आहेत का? आणि त्यांचे आकडे द्यायचे तर आधी त्यांना विचारायला हवं."

बाईंनी फोन लावला, दोन वाक्यांत मी कोण ते सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला. काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते, तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"अगं, घड्याळवाली ना तू? किती उन्हाळे-पावसाळे गेले! झालं का गं तुझं? मिळाली ना डिग्री?"

"मिळाली, ताई," मी म्हणाले.

"बरं झालं बाई. मी सगळ्यांना सांगायचे, पोरगी उभी राहून राहून आजारी पडेल. आमचा काही उपयोग झाला ना तुला?"