कारखान्याचा वास

विकत घ्यायचा की बनवून घ्यायचा, यावरून कळसाडीच्या उमाकांतच्या घरात फराळाचे डबे रिकामे होईपर्यंत नुसती खडाजंगी चालली होती. भांडण कशाचं, तर लॅपटॉपचं. थोरली गायत्री शहाद्याला बारावीत, विषय घेतला संगणकाचा, आणि सरांनी बजावलेलं की प्रकल्प ज्याने त्याने आपापल्या यंत्रावर करून आणायचा. आता आली का पंचाईत!

उमाकांतचं म्हणणं सरळ होतं. दुकानात जायचं, खोका घ्यायचा, पावती खिशात घालायची, बिघडला तर दुकानदाराच्या बोकांडी बसायचं. पण त्यासाठी कापूस आत्ताच विकावा लागला असता. आणि कापूस तर भाव चढेल म्हणून मधल्या खोलीत आढ्याला टेकेपर्यंत भरून ठेवलेला. त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. धाकट्या मयूरीची मात्र चंगळ झाली होती. ती तिसरीतली पोर दिवसभर त्या ढिगावर लोळायची आणि झोपायचीही तिथेच. माय, म्हणजे कमलबाई, ओरडून ओरडून थकली.

गायत्रीला दुकानातला नकोच होता. तिचा चुलतभाऊ राजेंद्र शहाद्यात मोबाइल-लॅपटॉप दुरुस्त करायचा. तो म्हणाला होता, मेलेल्या तीन-चार लॅपटॉपांतून एक जिवंत उभा करू, आणि तूच करायचा, मी नुसता बाजूला बसतो. झालं! पोरीच्या डोक्यात वारं शिरलं.

"लॅपटॉप म्हणजे काय खिचडी शे का?" उमाकांत कडाडला. "एकनं हाई टाक, दुसरानं ते टाक! मी तुले नवा ली देस."

"कापूस ऱ्हाऊ द्या ना पप्पा घरमा," गायत्री म्हणाली. "भाव येई. मी बनाडस."

कापूस राहू द्या, असं ती स्वतःच्या तोंडाने म्हणाली. उमाकांतला लेकीचं कौतुक वाटलं, घरची काळजी आहे पोरीला, असं त्याने चार लोकांत सांगितलंही. काय बोलायचं आता!

तर तो लॅपटॉप उभा राहिला. पडदा एकाचा, कळफलक दुसऱ्याचा, आतली पाटी तिसऱ्याची. गायत्रीने स्वतः पेच आवळले, आणि पडद्यावर उजेड आला तेव्हा ती लहान पोरासारखी टाळ्या पिटत होती. एकच गोष्ट अडली. बॅटरी जुनी होती, आणि पोटात जराशी वर आलेली.

"फुगेल शे," राजेंद्र तिच्यावरून अंगठा फिरवत म्हणाला. "नवी सुरतहून मागाडेल शे. ती येवालोंग हाई आठेच ठेव."

पण नवी येईपर्यंत थांबायला गायत्रीला दम कुठला! प्रकल्प तोंडावर आलेला. तिने इतकी गळ घातली की तो कंटाळला आणि म्हणाला, बरं ने. पण समोर बसल्याशिवाय चार्जिंगला लावायचा नाही. आणि त्यातून गोड वास यायला लागला, पिकल्या फळासारखा, तर घरात ठेवायचा नाही, लांब उघड्यावर टाकायचा, मग मोह धरायचा नाही. गायत्रीने मान डोलावली. घरी येऊन मात्र ती यातला चकार शब्दही बोलली नाही. बोलली असती तर पप्पा म्हणाले असते, सांगत होतो ना मी! तेवढं एक वाक्य ऐकायला लागू नये म्हणून ती गप्प राहिली.

पुढे दोन दिवसांतच घरात वास यायला लागला. गोडसर, जरा उग्र. गायत्रीला राजेंद्रचे शब्द आठवले. आता सांगायचंच, असं तिने ठरवलंही. तेवढ्यात कमलबाई चुलीपुढून म्हणाली, "कारखाना सुरू व्हयना वाटस. कसा गोड वास ई ऱ्हायना!"

आता हे दुसऱ्या कुठल्या गावात कुणी म्हटलं नसतं. पण या पट्ट्यात लहानाचं मोठं झालेल्या माणसाच्या नाकाला गोड वास म्हणजे पुरुषोत्तमनगरचा साखर कारखाना. गाळप लागलं की वाऱ्याबरोबर मळीचा वास घरात येतो, कपड्यांत बसतो, आणि लोकांना बरं वाटतं, हंगाम लागला म्हणून. शेजारच्या अमृतकाकानेही नाक वर करून दुजोरा दिला. उमाकांत म्हणाला, औंदा लवकर पेटवला. आणि गायत्रीने सुटकेचा श्वास सोडला. तिला तेच ऐकायचं होतं. लॅपटॉपचं झाकण आता नीट मिटत नव्हतं, एका कोपऱ्याला बोट जाईल एवढी फट राहत होती. ते तिला दिसत होतं, पण तिने त्याचा विचार केला नाही.

मग एका सकाळी मयूरीच्या अंगात कणकण होती. मायबापाला कापूस वेचायला जाणं भाग होतं, म्हणून मायने आपला फोन तिच्या उशाशी ठेवला. गायत्री शहाद्याला निघाली तशी पोर रडवेली झाली. "ताई, लॅपटॉप ठी जाय ना. मी गाणा देखसू." गायत्रीला दया आली. तिने लॅपटॉप तिच्यासाठी ठेवला, तिचा मुका घेतला आणि धावत एसटी पकडली.

गाडी पुरुषोत्तमनगरपाशी आली आणि उसाच्या बैलगाड्या असतील म्हणून गायत्रीने सवयीने खिडकीतून पाहिलं. रस्ता मोकळा होता. धुराड्यातून धुराची रेघसुद्धा नव्हती. फाटकावर नवा कोरा फलक लावला होता, त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: येत्या गुरुवारी बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ.

येत्या गुरुवारी. म्हणजे कारखाना अजून पेटलाच नव्हता.

मग तो वास कशाचा, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने फोन लावला. वाजला, वाजला, कुणी उचलेना. देवा, उचल गं बाई! पुन्हा लावला.

"हां ताई," मयूरीचा झोपाळू आवाज आला.

"मयू, लॅपटॉप कोठे शे?"

"चार्जिंगले लायेल शे. तुन्हासाठी. भरी ठेवस म्हटलं." पोरीच्या आवाजात केवढा अभिमान! "खाले दणका लागी ना, म्हनीसन कापूसवर ठेयेल शे. ताई, आज वास भलता ई ऱ्हायना."

"मयू, ऊठ. त्याले हात लावू नको. फोन ली आन् बाहेर निघ. आत्तेच! पय!"

पलीकडे धडपड ऐकू आली. कडी वाजली, मग कोंबड्यांचा कलकलाट आणि बाहेरचा वारा. "निंघनू ताई. ओटावर शे मी."

गायत्रीच्या घशातून हुंदका फुटला. पोर बाहेर होती. पोर सुटली होती. कंडक्टर, आजूबाजूचे प्रवासी तिच्याकडे पाहत होते आणि तिला रडू आवरेना. तिला म्हणायचं होतं, अमृतकाकाकडे जा, काकाला हाक मार, पण तोंडातून नीट शब्दच येईनात.

"ताई, तू कसाले रडस?" मयूरी घाबरून म्हणाली. मग जरा थांबली, आणि तिला वाटलं आपल्याला कळलं. "धूर निंघी ऱ्हायना घरमाईन. तुन्हा लॅपटॉप! तू सोता बनाडेल शे ना ताई, नको रडू. मी तो बाहेर ली येस."

"नको! मयू, नको!"

पण फोन ओट्यावर ठेवला गेला होता. गायत्री भर एसटीत उभी राहून बहिणीच्या नावाने किंचाळली, कंडक्टरने घंटी ओढली, गाडी थांबली. फोनमधून तिला मयूरीची अनवाणी पावलं ऐकू येत होती. ती पळत घरात गेली.